उजळ माथा

भाऊंच्या डोक्यावर केस होते, पण जिथं हवेत तिथं नव्हते. डाव्या कानाच्या वर एक पट्टा होता, तिथलं पीक मात्र जोरात. तेवढाच पट्टा वीतभर वाढवायचा, ओला करून उजवीकडे ओढून न्यायचा आणि मधल्या मोकळ्या मैदानावर असा अंथरायचा की समोरच्याला वाटावं, केस विरळ झालेत खरे, पण आहेत अजून. या सगळ्या कारभाराला भाऊ आणि त्यांचे सलूनवाले मामा 'पांघरूण' म्हणत. हा शब्द जगात तिघांनाच ठाऊक होता. तिसरी भाऊंची बायको, आणि ती सकाळी भाऊ आरशासमोरून हलेनात की स्वयंपाकघरातून विचारायची, "झालं का पांघरूण घालून? का उशीही देऊ?"

मामा काही भाऊंचे खरे मामा नव्हेत. सगळा रस्ताच त्यांना मामा म्हणायचा. अरुंद दुकान, दोन खुर्च्या, त्यातली एक कायमची जुन्या वर्तमानपत्रांना बहाल केलेली. पडद्यापलीकडच्या खोलीत मामांची लेक बायकांचे केस कापायची. भाऊ पहिल्यांदा या दुकानात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर जंगल होतं आणि खिशात नव्या नोकरीचा कागद. पुढं जंगलाची झुडपं झाली आणि झुडपांचं माळरान झालं, ते सगळं मामांच्या हाताखाली आणि मामांच्या डोळ्यांदेखत. पांघरुणाची युक्तीही मामांचीच. भाऊ एकदा खुर्चीत बसून रडवेले झाले होते, तेव्हा मामांनी कंगवा उचलला, बाजूचे केस अलगद वर घेतले आणि म्हणाले, "हे बघा, जमतंय की नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेव्हापासून मूठ झाकलेलीच होती. महिन्यातून एकदा भाऊ संध्याकाळी, गिऱ्हाईक कमी असताना जायचे. दुसरं कुणी खुर्चीत असलं की रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे. मामांना ते कळायचं. ते खुर्चीतल्या माणसाला लवकर मोकळं करायचे, दाराचा पडदा ओढायचे आणि मगच भाऊंच्या गळ्याभोवती कापड बांधायचे.

भाऊ नोकरीला होते ते चष्म्याच्या दुकानात. दुकान मोठं, तीन भिंतींना आरसे, आणि आरशांच्या मधल्या फळ्यांवर फ्रेमा ओळीनं मांडलेल्या. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं की कुठली फ्रेम शोभेल ते भाऊ सांगायचे, आणि स्पष्ट सांगायचे. "बाईसाहेब, ही घेऊ नका, हिच्यात तुमचा चेहरा हरवतो." "साहेब, नाक मोठं आहे तर असू द्या, लपवायला गेलात तर जास्त दिसेल." लोक दुरून यायचे ते या स्पष्टपणासाठी. मालक म्हणायचा, भाऊ खोटं बोलत नाहीत म्हणून आपलं दुकान चालतं.

आता ज्या गोष्टीची भाऊंना पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली, ती आधीच सांगून टाकायला हवी. गेल्या वर्षभरापासून मामांच्या हाताला काहीतरी झालं होतं. हात थरथरत नव्हता, कात्री अजूनही पाण्यासारखी चालायची, पण बाजूला ठेवलेला कंगवा मामांना सापडायचा नाही. ते फळीवर चाचपायचे, पावडरचा डबा पाडायचे आणि हसून म्हणायचे, "या फळीला मेलीला पाय फुटलेत." एकदा भाऊंच्या कानाला वस्तऱ्याचं टोक लागलं. मामांनी तुरटी दाबली आणि दहा वेळा माफी मागितली. दिवसभर डोळ्यांच्याच धंद्यात असणाऱ्या भाऊंना कळत नव्हतं असं नाही. मामांना समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं. 'मामा, एकदा डोळे दाखवून घ्या' हे वाक्य कितीदा ओठांवर आलं, आणि प्रत्येकदा भाऊंनी ते गिळलं. कारण साधं होतं. डॉक्टर म्हणाला, 'आता कात्री खाली ठेवा', तर हे पांघरूण घालणार कोण? नव्या माणसापुढं डोकं उघडं कसं करायचं? बघू पुढच्या महिन्यात, असं करत वर्ष गेलं.

शेवटी मामा स्वतःच आले. सलूनमध्ये नव्हे, चष्म्याच्या दुकानात, भर दुपारी.

भाऊ तेव्हा आतल्या खोलीत एका फ्रेमच्या काड्या गरम करून वाकवत होते. मामांची गाठ पडली ती दुकानात डोळे तपासणाऱ्या ताईशी. ताई वयानं लहान, भाऊंच्या लेकीएवढी असेल, पण कामात पक्की. तिनं मामांना तपासणीच्या खोलीत नेलं. इकडे भाऊ बाहेर आले आणि एका गिऱ्हाईक बाईंना फ्रेमा दाखवू लागले. बाई चांगल्या कपड्यांतल्या, बोलायला चुणचुणीत. भाऊ रंगात आले होते. समोर आरसा धरून म्हणत होते, "माणसानं कसं, आहे ते नीट दाखवावं. लपवालपवी चेहऱ्याला शोभत नाही." बाई हसल्या. कॅशवरच्या मावशीही हसल्या. उभा पंखा इकडून तिकडे मान फिरवत होता, आणि एका फेरीत त्यानं भाऊंच्या डोक्यावरचा पट्टा उचलून झाकणासारखा उघडा केला. भाऊंच्या हातात आरसा होता, पण तो बाईंच्या तोंडासमोर धरलेला. त्यांना काही कळलं नाही.

मामा तपासणीच्या खोलीतून बाहेर आले ते नेमके याच क्षणी. त्यांची नजर समोर गेली, आणि समोर भाऊंचं डोकं. इतक्या वर्षांची सवय. माणूस विचार करत नाही, हात विचार करतो. मामा सरळ चालत आले, दोन बोटांनी तो पट्टा उचलला, तळहातानं डोक्यावर बसवला, कडेनं दाबला आणि मायेनं म्हणाले, "भाऊ, पांघरूण सरकलं की हो."

मग बाईंच्या तोंडून हसू फुटलं. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. कॅशवरच्या मावशी खाली वाकून टेबलाच्या कप्प्यात काहीतरी शोधू लागल्या. तिन्ही भिंतींवरच्या आरशांत भाऊंना भाऊ दिसले, पुढून, मागून, बाजूनं, लालबुंद.

"अंगाला काय हात लावता?" भाऊ ओरडले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "कोण तुम्ही? ओळख ना पाळख!"

मामांचा हात अजून वरच होता. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला. भाऊंच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, जणू आपण भलत्याच माणसाशी बोललो की काय याची खात्री करून घेत होते.

"चुकलो साहेब," ते म्हणाले. "माणूस ओळखण्यात चूक झाली. डोळे गेलेत माझे."

आणि वळले. जाताना दाराच्या बाजूच्या फळीला त्यांचा खांदा लागला, दोन फ्रेमा खाली पडल्या. मामा उचलायला वाकले, जमिनीवर चाचपत राहिले. भाऊ जागचे हलले नाहीत. ताईनं धावत येऊन फ्रेमा उचलल्या, तोवर मामा रस्त्यावर गेले होते.

त्या बाईंनी फ्रेम घेतली नाही.

दुकान बंद व्हायच्या वेळेला ताई भाऊंच्या टेबलाशी आली. "भाऊ, दुपारचे ते काका तुमच्या ओळखीचे होते का?"

खरं बोलायची ही दुसरी संधी होती, आणि समोर हसणारं कुणी नव्हतं. तरी भाऊंच्या तोंडून निघालं, "नाही बुवा. असतात अशी माणसं. डोक्यावर परिणाम झालेला असतो."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली आणि गेली.

पुढचे काही दिवस भाऊंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मामांचं दुकान घरापासून चार पावलांवर. तिकडून जायला नको म्हणून ते भाजीबाजाराच्या मागून वळसा घालून जाऊ लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कुणी दोघं हसत दिसले की वाटायचं, आपल्यालाच हसतायत. पण खरा त्रास हसण्याचा नव्हता. रात्री डोळे मिटले की जमिनीवर फ्रेमा चाचपणारा तो हात दिसायचा. 'डोक्यावर परिणाम' हे शब्द आठवले की ते अंथरुणात उठून बसायचे. तोवर पट्ट्याचे केस वाढले. कडा नीट कापलेल्या नसल्या की पांघरूण बसत नाही, सारखं घसरतं. आरशासमोर सकाळी दुप्पट वेळ जाऊ लागला.

"मामांकडे का जात नाही?" बायकोनं विचारलं.

"बंद असतं त्यांचं."

"काल तर उघडं होतं. मी त्यांच्या लेकीकडूनच आले. मामा मला बघून आत गेले. कधी नव्हे ते. काय झालंय?"

"काही नाही," भाऊ म्हणाले आणि मोजे शोधायला लागले. मोजे पायातच होते.

त्याच दिवशी दुकानात ताई काच पुसत पुसत, वर न बघता म्हणाली, "भाऊ, एक सांगायचं होतं. त्या काकांच्या डोळ्यांचा दाब खूप वाढलाय. समोरची अक्षरं त्यांनी सगळी वाचली, पण मी बाजूला बोट हलवलं तर त्यांना पत्ताच नाही. चष्म्यानं काही होणार नाही, त्यांनी ताबडतोब मोठ्या डॉक्टरांकडे जायला हवं. हे सांगायला मी बाहेर आले तर ते निघून गेले होते."

भाऊ हातातली फ्रेम उगाच पुसू लागले.

"कार्डावर लिहायला मी पत्ता विचारला होता." तिनं काच उजेडाकडे धरली. "ते म्हणाले, 'भाऊंना विचारा. माझ्या घरचं सगळं त्यांना माहीत आहे, जुना जिव्हाळा आहे आमचा.' फार कौतुकानं बोलत होते तुमच्याबद्दल. म्हणाले, 'भाऊ सांगतील तीच फ्रेम घेणार.'"

म्हणजे तिला ठाऊक होतं. भाऊ ओरडले तेव्हाही ठाऊक होतं, आणि संध्याकाळी तिनं विचारलं ते माहिती काढायला नव्हे. तिनं दार उघडं करून दिलं होतं आणि भाऊंनी ते आपल्या हातानं लावून घेतलं होतं. भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायांखालची फरशी दुभंगून आत घेईल तर बरं, असं वाटलं.

"मी सांगतो त्यांना," एवढंच कसंबसं बोलले.

"लवकर सांगा," ताई म्हणाली.

घरी येऊन भाऊंनी बायकोला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, मधलं वर्षभराचं सोडून सगळं. ती ऐकत होती, हातातलं काम थांबवून. ऐकून झाल्यावर म्हणाली, "केसानं गळा कापणं म्हणतात ते आजवर नुसतं ऐकलं होतं. तुम्ही कापलात, आणि तोही तुमचे केस कापणाऱ्याचा."

"मला काय बोलतेयस, मीच..."

"तुम्हाला नाही तर कुणाला बोलू? उठा. चपला घाला."

"आत्ता? गिऱ्हाईक असेल."

"असू दे की. बघू दे."

मामांच्या दुकानात खरंच एक गिऱ्हाईक होतं, नुकतंच दाढी करून उठलेलं. भाऊ दारात उभे राहिले. मामांनी आरशातूनच पाहिलं. "या साहेब. बसा."

'साहेब' हा शब्द भाऊंना वस्तऱ्यापेक्षा जास्त लागला. ते खुर्चीत बसले. मामांनी कापड बांधलं, पण दाराचा पडदा ओढला नाही. रस्त्यावरून माणसं जात होती, आत डोकावत होती. दाढी झालेलं गिऱ्हाईकही बाकावर बसून वर्तमानपत्र चाळू लागलं.

सलूनच्या खुर्चीत एक अडचण असते. मागच्या माणसाशी बोलायचं तर आरशात त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. भाऊ आरशातल्या स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "मामा, त्या दिवशी दुकानात मी..."

"पाणी मारतो. डोळे मिटा."

फवाऱ्याचं पाणी तोंडावर आलं. डोळे मिटल्यावर बोलणं जरा सोपं झालं. "मामा, तुमच्या डोळ्यांत दोष आहे. तपासणीवाल्या ताईनं सांगितलंय. चष्म्याचं काम नाही. डोळ्यांचा दाब वाढलाय, म्हणून बाजूचं दिसत नाही. मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागेल, उद्याच. मी येतो बरोबर."

फवारा थांबला. भाऊंनी डोळे उघडले तर मामा फवारा हातात धरून तसेच उभे होते.

"आंधळा होणार का मी?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा, जणू दोन्ही बाजूंनी कापू का असं विचारावं.

"औषध वेळेवर सुरू झालं तर नाही."

"अस्सं." मामांनी फवारा फळीवर ठेवला. ठेवताना आधी डाव्या हातानं फळीची कड शोधली, हे भाऊंनी पाहिलं. "बोला, काय करायचं? नेहमीचंच ना?"

"काढून टाका," भाऊ म्हणाले.

"काय काढू?"

"पांघरूण. सगळंच. मशीन फिरवा."

मामांनी आरशात त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "रागाच्या भरात केस कापू नयेत, भाऊ. राग उतरतो, केस येत नाहीत. तुमचे तर नाहीच यायचे."

बाकावरचं गिऱ्हाईक खुदकन हसलं. भाऊंचे कान तापले. पण मामा 'भाऊ' म्हणाले होते.

"राग नाही मामा. लाज वाटते."

"टकलाची?"

"त्याची होती आजवर. आता तेवढीच असती तर बरं झालं असतं."

मामांनी पट्टा उचलला, पूर्ण उलगडला आणि बाजूला सोडला. तो ओला होऊन भाऊंच्या खांद्यापर्यंत लोंबला. रस्त्यानं जाणारी एक शाळकरी मुलगी थबकून बघत राहिली आणि आईनं तिला ओढून नेलं. भाऊंनी मान खाली घातली. मामांनी हनुवटीला बोट लावून ती वर केली. "मान सरळ. नाहीतर वाकडं कापलं जाईल."

कात्रीचा एकच आवाज झाला. एवढी वर्षं जपलेला पट्टा कापडावरून घसरून जमिनीवर पडला आणि मेलेल्या उंदराच्या शेपटीसारखा दिसायला लागला. मग मशीन. मामा एका हातानं डोकं चाचपत, बोटं पुढं आणि मशीन मागं असं फिरवत होते. "याला डोळे लागत नाहीत," ते पुटपुटले. उरलेले केस सगळीकडे सारखे बारीक झाले, कानांच्या वरची कड सरळ झाली. मामांची लेक पडद्याआडून आली, बघतच राहिली. "काका, बरे दिसता की! कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"मीच सांगायला हवं होतं," मामा म्हणाले. "सांगितलं नाही. यांना बरं वाटायचं, म्हणून मलाही बरं वाटायचं."

आरशात एक पोक्त, गोल डोक्याचा, थकलेला माणूस बसला होता. भाऊंना तो अजिबात आवडला नाही. पण त्यांच्या वडिलांसारखा दिसत होता, एवढं मात्र खरं.

"त्या दिवशीचं मनात ठेवू नका," मामा मानेवर पावडर झटकत म्हणाले. "चारचौघांत माणूस लाजतो. माझंच चुकलं, हात आवरला नाही."

हे ऐकून भाऊंना हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मामांनी माफ केलं ते छोटं होतं. मोठं तर त्यांना माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी रजा टाकली आणि दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. मामांना एका यंत्रात तोंड घालून बसवलं, ठिपके दिसले की बटण दाबायचं. भाऊ शेजारच्या पडद्यावर बघत होते. ठिपके उमटत होते, आणि मामा बटण दाबत नव्हते. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ठेवला. मध्ये उजेडाचा एक गोल, आणि भोवती काळं.

"गेलेलं परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "आहे ते थेंबांनी टिकवता येईल. कधीपासून जाणवतंय?"

"वर्ष झालं असेल," मामा म्हणाले. "मला वाटलं वयानं होतंय."

"तेव्हाच आला असतात तर बराच भाग वाचला असता. घरात, ओळखीत कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"आमच्याकडे डोळ्यांतलं कळणारं कोण आहे?" मामा म्हणाले, आणि लगेच हसून भाऊंच्या पाठीवर थाप मारली. "एक हे आहेत, पण यांचे डोळे तर मी पाणी मारून मिटवलेले असायचे."

बाहेर बाकावर औषधाची वाट बघत दोघं बसले. भाऊंच्या नव्या डोक्याला गार वाटत होतं. ते म्हणाले, "मामा, माझे डोळे मिटलेले नव्हते."

"म्हणजे?"

"मला कळलं होतं. तुम्ही कंगवा चाचपायचात तेव्हाच. माझ्या कानाला लागलं तेव्हा तर पक्कंच कळलं. मी बोललो नाही. तुम्ही काम सोडाल, मग माझे केस कोण करणार, असं वाटलं म्हणून."

मामा समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथं डोळ्याचं मोठं चित्र लावलं होतं. मामांचा श्वास भाऊंना ऐकू येत होता.

"तुम्ही मला ओळखत नाही म्हणालात," मामा हळू बोलले, "ते मी घरी जाऊन लेकीलाही सांगितलं नाही. म्हटलं, आपल्या माणसाची आपण अब्रू का काढावी? पण हे..." त्यांचा आवाज चढला. शेजारची माणसं वळून पाहू लागली. "हे तुम्ही सांगायला हवं होतं! माझ्या हातात वस्तरा असतो! उद्या कुणाचा गळा चिरला असता म्हणजे? वीतभर केसांसाठी? अहो, मी तुमच्या टकलाला जपलं आणि तुम्ही माझे डोळे जाऊ दिलेत!"

औषध आलं, ते भाऊंनी घेतलं. मामांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "मी माझा जाईन." रस्ता ओलांडताना ते दोन्हीकडे मान पुरती वळवून बघत होते. भाऊ दहा पावलं मागून घरापर्यंत गेले. मामांनी मागं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात भाऊ गेले तेव्हा कॅशवरच्या मावशी त्यांना बघून उभ्याच राहिल्या. "अगं बाई! उजळ माथ्यानं आलात आज!"

"माथा तेवढा उजळ आहे, मावशी," भाऊ म्हणाले. मग मालक, मावशी आणि ताई तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्या दिवशी आलेले गृहस्थ माझे सलूनवाले मामा होते. मी त्यांना चांगला ओळखतो. खोटं बोललो होतो."

मालक गडबडून गल्ल्याकडे बघू लागला. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या हो भाऊ, आम्हाला माहीत होतं." ताईनं फक्त विचारलं, "थेंब सुरू झाले का?" "झाले," म्हटल्यावर ती तपासणीच्या खोलीत निघून गेली.

मामांनी कात्री खाली ठेवली. दुकान लेकीनं हातात घेतलं, वर्तमानपत्रं उचलून दुसरी खुर्ची मोकळी केली. मामा बाकावर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे. भाऊ रोज संध्याकाळी कामावरून येताना तिथं डोकावू लागले. डोक्यावर कापण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, तरी जायचे. मामा इतरांशी हसून बोलायचे आणि भाऊंना नुसतं "बसा" म्हणायचे. भाऊ बसायचे. थोड्या वेळानं "येतो" म्हणून उठायचे. मामा मान हलवायचे. घरी बायको विचारायची, "बोलले का?" भाऊ म्हणायचे, "बसा म्हणाले."

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी लेकीच्या दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या, हात रंगानं माखलेले. ती तिथूनच ओरडली, "काका, बाबांच्या थेंबांची वेळ झालीय. तेवढे घालता का? त्यांचे त्यांना जमत नाही, सगळे गालावर जातात."

भाऊंनी मामांकडे पाहिलं. मामांनी चष्मा नसलेला चेहरा वर केला, मान मागं टाकली आणि डोळे उघडे ठेवले.

भाऊंनी बाटली उघडली. आयुष्यभर त्यांनी माणसांच्या नाकावर फ्रेमा बसवल्या होत्या, तरी इतक्या जवळून कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. पहिला थेंब पापणीवर पडला आणि कानाकडे ओघळला.

"हात कापतोय तुमचा," मामा छताकडे बघत म्हणाले. "एवढेसे स्क्रू कसे बसवता हो दुकानात?"

"स्क्रू काही बघत नाहीत माझ्याकडे," भाऊ म्हणाले.

मामा हसले नाहीत. पण त्यांनी आपल्याच बोटानं खालची पापणी ओढून धरली, भाऊंना सोपं जावं म्हणून, आणि म्हणाले, "घाला."